खाजगी म्हणजे नेमकं कोण?

शालेय स्पर्धा आल्या की आमच्या माळेगावात टपरीवर हाच विषय. निवासी इंग्लिश मीडियमच्या पोरांशी आपल्या पोरांनी खेळायचं कसं? खाजगीवाल्यांचा गट वेगळा करा!

मागणी रास्त वाटते, पण 'खाजगी' कुणाला म्हणायचं, इथंच घोडं पेंड खातं. १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. गावोगावची हायस्कुलं मात्र बहुतेक संस्थांनीच काढलेली. कर्मवीरांनी १९१९ ला सुरू केलेली रयतसुद्धा कागदोपत्री खाजगीच, मास्तरांचा पगार तेवढा सरकारी. म्हणजे नुसती मालकी बघितली तर रयतचं पोरगं आणि लाखभर फी भरणारं पोरगं एकाच गटात!

झेडपीच्या पोरांना वेगळं मैदान आहे, यशवंतराव चव्हाण कला-क्रीडा महोत्सव. पण तो प्राथमिकचा. पुढं क्रीडा खात्याच्या १७ आणि १९ वर्षांखालच्या स्पर्धांत सगळे एकत्र. अन् दहावी-बारावीचे वाढीव गुण, नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण, यांची वाट तिथूनच सुरू होते.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यानं १९९७ ला वेगळी रेघ मारली. खेळाडूंना फीसाठी मदत देणाऱ्या खाजगी शाळा वेगळ्या काढल्या, बाकीच्या खाजगी सरकारींबरोबरच राहिल्या.

आपल्याकडं निकष वसतिगृह आणि पगारी कोच हा ठेवा, आणि तालुका पातळीवर एक वर्ष दोन गट करून बघा. अर्थात ज्या शाळेत क्रीडाशिक्षकच नाही, तिथं आधी तो द्या.