न विकलेला अर्धा तास : प्रयोगशील नभोनाट्यमालिकेची कुळकथा

नभोवाणीवरील नाट्यमालिका ढोबळमानाने दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात तीच पात्रे, तेच घर आणि तोच पेच आठवड्यामागून आठवडे पुढे सरकत राहतो. दुसऱ्या प्रकारात मालिकेचे नाव आणि प्रसारणाची वेळ तेवढी कायम असते, आणि प्रत्येक भागात एक स्वयंपूर्ण, बहुधा वेगळ्या लेखकाचे नाटक सादर होते. या दुसऱ्या प्रकाराला इंग्रजीत अँथॉलॉजी म्हणतात. मराठीत त्याला नभोनाट्यांची संकलनमालिका म्हणता येईल. दर आठवड्याला पाटी कोरी असल्यामुळे या प्रकारात प्रयोगाला मोठा वाव असतो, परंतु कोऱ्या पाटीवर हवे ते लिहू देणारा कोणीतरी लागतोच. तो वाव कोणी दिला, कोणत्या गरजेपोटी दिला आणि कोणी त्याचे चीज केले, हे पाहिले म्हणजे या मालिकांचे कूळ उलगडते. त्याचे मूळ दोन ठिकाणी सापडते : एक श्रोत्याच्या भोवतीच्या अंधारात आणि दुसरे जाहिरातदारांनी विकत न घेतलेल्या वेळेत.

यांपैकी पहिले मूळ ब्रिटनमधले आहे. 15 जानेवारी 1924 रोजी बीबीसीने लंडनहून रिचर्ड ह्यूज या तरुण लेखकाचे ‘अ कॉमेडी ऑफ डेंजर’ हे नाटक प्रसारित केले. केवळ ध्वनिक्षेपकासाठी लिहिल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या नाटकांत त्याची गणना होते. वेल्समधील कोळशाची खाण पाहायला आलेले एक तरुण जोडपे आणि एक वृद्ध गृहस्थ दिवे गेल्यामुळे भूगर्भात अडकतात, आणि पुढचे सारे नाटक मिट्ट काळोखात घडते. रंगभूमीवरची नाटके नभोवाणीवर आणताना दृश्याची उणीव कशी भरून काढायची, याची चिंता तोवर सर्वांनाच होती. ह्यूजने पात्रांनाही काही दिसणार नाही अशी जागा निवडून पात्रे आणि श्रोता यांना एकाच अंधारात बसवले, आणि ज्याला उणीव समजले जात होते तेच नाटकाचे द्रव्य झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हान्स फ्लेश याने फ्रँकफर्ट केंद्रावरून सादर केलेल्या जर्मन नाटकात नभोवाणी केंद्राच्या कार्यक्रमांतच अनाकलनीय गोंधळ माजतो. म्हणजे माध्यम स्वतःच नाटकाचा विषय बनले. 1928 मध्ये लान्स सीव्हकिंगने बीबीसीवर ‘कॅलिडोस्कोप’ सादर केले, तेव्हा ‘ड्रॅमॅटिक कंट्रोल पॅनेल’ हे यंत्र वापरले गेले. नट, वाद्यवृंद आणि ध्वनिपरिणाम वेगवेगळ्या स्टुडिओंत ठेवायचे, प्रत्येकाचा आवाज एका मेजावर आणायचा, आणि तेथील खुंट्या फिरवून त्यांचे मिश्रण प्रसारण चालू असतानाच करायचे, अशी ती व्यवस्था होती. तिच्यामुळे नभोनाट्याचा दिग्दर्शक वाद्य वाजवावे तसा आवाजांचा मेळ जुळवू लागला.

बीबीसीचा खर्च प्रामुख्याने श्रोत्यांच्या परवानाशुल्कातून भागत असे आणि तेथे जाहिराती नव्हत्या, त्यामुळे विकलेली आणि न विकलेली वेळ असा भेदच तेथे उद्भवत नव्हता. अमेरिकेत मात्र नभोवाणी व्यापारी कंपन्यांच्या हाती होती आणि साबण, सिगारेट किंवा कॉफी विकणारे प्रायोजक कार्यक्रमाची वेळ विकत घेत. जी वेळ कोणी घेत नसे, ती कंपनीला पदरमोड करून भरावी लागे, आणि अशा कार्यक्रमांना ‘सस्टेनिंग’, म्हणजे केंद्र चालू ठेवण्यासाठीचे, कार्यक्रम म्हणत. 1934 साली दळणवळणाचा नवा कायदा होताना एक चतुर्थांश प्रसारणक्षमता बिगरव्यापारी संस्थांसाठी राखून ठेवावी अशी दुरुस्ती सुचवली गेली होती. ती फेटाळली गेली, तरी परवाने लोकहितासाठी दिले जातात हे तत्त्व कायद्यात राहिले. त्यामुळे आपण केवळ जाहिरातदारांचे नाही हे सरकारला आणि सुशिक्षित समाजाला दाखवणे प्रसारण कंपन्यांच्या हिताचे ठरले. न विकलेल्या वेळेला अशी प्रतिष्ठेची किंमत आली, आणि प्रयोगशील नाट्यमालिका त्या किमतीवर उभी राहिली.

18 जुलै 1936 रोजी सीबीएस कंपनीने ‘कोलंबिया वर्कशॉप’ सुरू केली. मालिकेच्या पहिल्याच कार्यक्रमात ह्यूजच्या खाणीतल्या नाटकाचा समावेश होता, हे लक्षात घेतले म्हणजे ब्रिटिश आणि अमेरिकन शाखांचे नाते वेगळे सिद्ध करावे लागत नाही. मालिकेचा जनक अर्व्हिंग रीस हा मुळात सीबीएसच्या स्टुडिओतील तंत्रज्ञ होता, आणि वर्कशॉप म्हणजे कारखाना हे नाव त्याने अक्षरशः खरे केले. आवाजातील खालचे आणि वरचे सूर गाळून तो दूरध्वनीतून आल्यासारखा करणारा फिल्टर, किंवा उघड्या कठीण भिंतींच्या खोलीत आवाज सोडून तो पुन्हा ध्वनिक्षेपकाने टिपणारा प्रतिध्वनिकक्ष ही साधने तोवर सजावटीपुरती होती. वर्कशॉपने त्यांना व्याकरणाचे स्थान दिले. फिल्टरमधून आलेला आवाज म्हणजे पात्राच्या मनातला विचार, घुमणारा आवाज म्हणजे स्मृती किंवा परलोक, असे संकेत श्रोत्यांच्या कानी रुळत गेले. रीसने स्वतः लिहिलेल्या एका नाटकाचे शीर्षक तर न्यूयॉर्कमध्ये फोनवरून वेळ सांगणाऱ्या सेवेचा क्रमांक, ‘मेरिडियन 7-1212’, एवढेच आहे. वेळ विचारणाऱ्या माणसांच्या आयुष्यांत डोकावत ते नाटक पुढे जाते.

या मालिकेचे सर्वांत महत्त्वाचे अपत्य 11 एप्रिल 1937 रोजी प्रसारित झाले. कवी आर्चिबाल्ड मॅकलीश याने लिहिलेले ‘द फॉल ऑफ द सिटी’ हे अर्ध्या तासाचे पद्यनाट्य न्यूयॉर्कमधील सातव्या रेजिमेंटच्या शस्त्रागारातून, म्हणजे सैनिकी कवायतीसाठी बांधलेल्या विस्तीर्ण सभागृहातून, सादर झाले, कारण शहराच्या चौकातील गर्दीचा आवाज स्टुडिओच्या गालिचांनी मढवलेल्या चार भिंतींत उमटला नसता. जमावासाठी सुमारे 200 माणसे आणली गेली आणि त्यांचा आधी मुद्रित केलेला कोलाहल कर्ण्यांतून पुन्हा सभागृहात सोडून त्या दोनशेंचे हजारो केले गेले. निवेदकाची भूमिका करणारा 21 वर्षांचा ऑर्सन वेल्स मात्र एका बंदिस्त कक्षात उभा होता, जेणेकरून त्याचा आवाज श्रोत्याच्या कानाशी राहावा आणि जमाव त्याच्या मागे दूरवर पसरलेला भासावा. जवळचे आणि दूरचे असे अंतर त्या दिवशी केवळ आवाजातून बांधले गेले. संगीताची बाजू बर्नार्ड हरमन सांभाळत होता, जो पुढे चित्रपटसंगीतात मोठ्या योग्यतेला पोचला.

या नाटकात चौकाच्या कडेला उभा राहून निवेदक एखाद्या समारंभाचे धावते वर्णन करावे तसे बोलत असतो. विजेता येत असल्याची वार्ता येते, वक्ते बोलतात, लोक घाबरतात, आणि चिलखत घातलेली आकृती चौकात येताच सारे शहर तोंड लपवून जमिनीवर पडते. शिरस्त्राणाची झडप उघडते तेव्हा आत कोणीच नाही, हे फक्त निवेदकाला दिसते. लोक मान वर करून पाहत नाहीत. हा प्रसंग रंगमंचावर दाखवला असता तर प्रेक्षकांनी रिकामे चिलखत पाहिले असते आणि तेथेच त्याचा विस्मय संपला असता. नभोवाणीवर मात्र श्रोत्याला एका माणसाच्या शब्दावर विसंबावे लागते, आणि मान खाली घातलेल्या जमावाहून आपण वेगळे आहोत का, हा प्रश्न त्याच्यापुढे राहतो. वर्ष उलटण्याच्या आत, मार्च 1938 मध्ये, जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या आणि व्हिएन्नाच्या रस्त्यांवर त्यांचे स्वागत झाले. निवेदकाच्या रूपाने नभोवाणीला ग्रीक नाटकातील वृंदासारखे घटनेच्या आत असूनही घटनेबाहेर उभे राहणारे पात्र सापडले, ही मॅकलीशची धारणा होती, आणि ती पुढच्या इतिहासाने खरी ठरवली.

मॅकलीशचे नभोवाणीसाठीचे दुसरे पद्यनाट्य ‘एअर रेड’ 27 ऑक्टोबर 1938 रोजी प्रसारित झाले आणि त्यानंतर तीनच दिवसांनी वेल्सच्या ‘मर्क्युरी थिएटर ऑन द एअर’ने बातमीपत्राच्या घाटात ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ सादर केले. परग्रहावरून होणाऱ्या आक्रमणाचे प्रत्यक्षदर्शी वर्णन देणारा त्यातील वार्ताहर हा चौकाकडेच्या त्या निवेदकाचाच धाकटा भाऊ होता. ही मालिकाही तोवर प्रायोजकाविना, एका अतिशय लोकप्रिय विनोदी कार्यक्रमाच्या वेळी चालत होती. तिच्या गवगव्यानंतर कॅम्पबेल सूप कंपनीने ती घेतली आणि डिसेंबर 1938 पासून ती ‘कॅम्पबेल प्लेहाऊस’ झाली. विकली न गेलेली वेळ गाजली की विकली जाते, हा या कुळाला मिळालेला जन्मजात धोका होता.

वर्कशॉपने तो धोका टाळला, आणि त्यामुळेच तिच्यात लेखक घडू शकले. रीस हॉलिवूडला गेल्यावर विल्यम रॉबसनने मालिका सांभाळली, तर 1941 मध्ये नॉर्मन कॉर्विनने सलग 26 आठवड्यांत 26 नाटके लिहून, निर्मून आणि दिग्दर्शित करून दाखवली. दर आठवड्याला नवा विषय आणि नवा घाट शोधण्याचे ते ओझे एका माणसाने पेलले, ही नभोवाणीच्या इतिहासातील असामान्य साधना मानली पाहिजे. ही मालिका 1943 पर्यंत चालली आणि युद्धानंतर अल्पकाळ पुन्हा अवतरली.

शेवटचा अंकुर 27 जानेवारी 1956 रोजी ‘सीबीएस रेडिओ वर्कशॉप’च्या रूपाने फुटला. पहिले नाटक ऑल्डस हक्सलीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’चे दोन भागांतील रूपांतर होते, निवेदन स्वतः हक्सलीने केले आणि संगीत पुन्हा हरमनचेच होते. तोवर जाहिरातदार दूरचित्रवाणीकडे वळल्यामुळे नभोवाणीजवळ न विकलेली वेळ मुबलक होती, तरीही सप्टेंबर 1957 मध्ये मालिका बंद पडली. यावरून असे दिसते की केवळ मोकळ्या वेळेने प्रयोग जगत नाही. त्या वेळेला प्रतिष्ठा देणारी संस्था, यंत्राशी खेळू दिलेले तंत्रज्ञ आणि एका आवाजापुढे अर्धा तास स्थिर बसणारा श्रोता ही तिन्ही एकत्र यावी लागतात. 1937 मध्ये ती एकत्र आली होती. ‘द फॉल ऑफ द सिटी’चे मुद्रण आजही ऐकता येते, आणि खोलीतला दिवा मालवून ते ऐकणाऱ्याला, ह्यूजच्या खाणीत सुरू झालेला अंधार या नाटकातल्या चौकापर्यंत कसा पोचला, हे कानांनी कळते.