चित्र पाहिलं, मजकूर राहिला

गणपतीत सगळे जमलो होतो तेव्हा काकांनी विचारलं, "काय रे, तुमच्यात म्हणे रोज सकाळी उभं राहून मीटिंग करतात. ऑफिसात खुर्च्या नाहीत का?" सगळे हसले, मीही हसलो. नीट उत्तर मात्र देता आलं नाही. म्हणून हा लेखनप्रपंच. काका, वाचताय ना?

तर गोष्ट सुरू होते १९७० साली. विन्स्टन रॉयस हे अमेरिकन इंजिनिअर. अंतराळयानांच्या मोहिमांसाठी लागणारी मोठमोठी सॉफ्टवेअर्स बनवण्याचा त्यांना अनुभव होता. त्यावर त्यांनी एक छोटासा निबंध लिहिला. त्यात एक चित्र आहे. जिन्यासारख्या सात पायऱ्या: आधी गरजा लिहून काढा, मग विश्लेषण, मग आराखडा, मग कोड, मग चाचणी... एक पायरी संपली की खालची.

गंमत पुढे आहे. या चित्रानंतर रॉयस लगेच सांगतात, की अशा पद्धतीने काम करणं धोक्याचं आहे. कारण चाचणी येते अगदी शेवटी. कागदावर बरोबर वाटलेली गोष्ट प्रत्यक्षात चालत नाही हे तेव्हा कळतं, आणि मग सगळा जिना परत चढावा लागतो. त्यांचा सल्ला काय? काम नवीन असेल तर आधी एक छोटी आवृत्ती करून बघा, आणि ग्राहकाला सुरुवातीपासून सोबत घ्या.

पण लोकांनी चित्र तेवढं उचललं! रॉयस यांनी न वापरलेलं 'वॉटरफॉल' हे नाव त्याला १९७६च्या सुमारास मिळालं. १९८५ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सॉफ्टवेअर करून घेण्यासाठी मानकं काढली, तीही अशाच पायऱ्यांवर बेतलेली. ज्या माणसाने इशारा दिला, तोच पुढे वॉटरफॉलचा जनक म्हणून ओळखला गेला. याला काय म्हणावं?

दरम्यान १९८६ साली ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी एक लेख लिहिला. होंडा, कॅनन अशा कंपन्या नवीन उत्पादन कसं काढतात, हा त्याचा विषय. त्यांचं म्हणणं असं, की हे लोक रिले शर्यतीसारखी काठी पुढच्याच्या हातात देऊन मोकळे होत नाहीत. ते रग्बीच्या संघासारखे सगळे मिळून पुढे सरकतात. आमच्या क्षेत्रातला 'स्क्रम' हा शब्द तिथून आला. मग फेब्रुवारी २००१मध्ये युटामधल्या स्नोबर्ड इथे १७ जण जमले आणि त्यांनी 'अजाईल'चा जाहीरनामा लिहिला. मूल्यं चार, तत्त्वं बारा. सार काय, तर माणसं, चालणारं सॉफ्टवेअर, ग्राहकाची साथ आणि बदलाची तयारी यांना जास्त महत्त्व द्या.

आणि पुन्हा तेच झालं. उचलायला सोपं होतं ते सगळ्यांनी उचललं: उभ्याने मीटिंग, भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या, दोन-तीन दिवसांच्या कोर्सनंतर मिळणारी सर्टिफिकेटं. त्या सतरांपैकीच एक, डेव्ह थॉमस, यांनी २०१४ साली लिहिलं, की हा शब्द आता सोडूनच द्यावा.

आता माझा कबुलीजबाब. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे सल्लागार आले होते. त्यांच्या स्लाईड्स मराठी-हिंदी-इंग्रजीची भेळ करून टीमला समजावण्याचं काम माझ्याकडे होतं. आम्ही रोज न चुकता उभे राहायचो. तिसऱ्याच आठवड्यात टीममधली सगळ्यात ज्युनिअर मुलगी म्हणाली, "सर, मी दोन ग्राहकांशी बोलले. त्यांना हे नकोच आहे." मी म्हणालो, "पुढच्या फेजमध्ये बघू." चिठ्ठी भिंतीवर लागली आणि तिथेच राहिली. पुढे वर्षभराने ते उत्पादन गुंडाळलं. टीम विखुरली, तिलाही दुसरीकडे जावं लागलं.

मला पद्धत माहीत नव्हती असं नाही. पण तिचं ऐकायचं तर वरच्या साहेबांना "थांबूया" असं सांगावं लागलं असतं. ते कुठल्याच स्लाईडवर नव्हतं, आणि माझ्यात तेवढी हिंमत नव्हती. त्यात सल्लागारांना तरी काय दोष द्यायचा? जाहीरनाम्यातलं 'बदलाची तयारी' मीच इतरांना शिकवत होतो.

काका, तुम्ही आयुष्यभर कारखान्यात काढलंत. त्या दिवशी जेवताना तुम्ही सहज दुसरा प्रश्न विचारलात, "पण मग गिऱ्हाईकाला माल दाखवता कधी?" माझ्या मते रॉयस यांचा अर्धा निबंध त्यात आला.

असो. त्या मुलीचा नंबर अजून माझ्याकडे आहे. "तुझं बरोबर होतं" एवढं तिला सांगायचं राहिलंय. या रविवारी करतो फोन.