किल्ली हरवली की सूर चढतो : क्लेफची गोष्ट (थ्रेड)

पाश्चात्त्य स्वरलिपीत पाच रेषांच्या आरंभी जे वळणदार चिन्ह असते, त्याला क्लेफ म्हणतात. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ किल्ली. ते नसेल तर रेषांवरचे ठिपके कोणते स्वर आहेत, हे कळायला मार्ग नाही. पण ही नक्षी नव्हे. मुळात ते अक्षर आहे.

अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात इटलीतील अरेझ्झो येथे ग्विदो नावाचा मठवासी संगीतशिक्षक होता. तोवर धर्मगीतांवरील बहुतेक खुणा चाल चढते की उतरते एवढेच सांगत. किती, ते गुरुमुखातून शिकावे लागे. त्यात दहा-दहा वर्षे जातात, ही ग्विदोची तक्रार. त्याने रेषांना अक्षरे दिली आणि दोन रेषा रंगवल्या : एफ स्वराची तांबडी, सी स्वराची पिवळी.

हेच दोन स्वर का? आपल्या शुद्ध सप्तकात ग-म आणि नि-सां ही अंतरे इतरांहून लहान असतात. सी हा सा मानला, तर एफ हा म. म्हणजे रंगीत रेषेच्या लगेच खाली लहान अंतर आहे, हा इशारा गायकाला आधीच मिळे. पोप जॉन एकोणिसावे यांनी ग्विदोला रोमला बोलावले आणि पूर्वी कधीही न ऐकलेले एक पद त्याच्या वहीतून स्वतः म्हणून पाहिले, असे त्याने पत्रात लिहून ठेवले आहे. मला ही घटना त्या शतकातल्या कित्येक लढायांहून मोठी वाटते.

पुढे रंग गेले, अक्षरे उरली. नकलाकारांच्या बोरूखाली जीचा ट्रेबल क्लेफ झाला, एफचा बेस क्लेफ. सी क्लेफ मात्र फिरता राहिला. पाच रेषा, मधल्या चार जागा आणि वर-खाली एकेक धरून अकरा स्वर मावतात. साधारण एका गळ्याचा तो पल्ला. म्हणून प्रत्येक आवाजासाठी क्लेफ वरखाली सरकवला जाई. व्हायोला आजही मधल्या रेषेवरचा सी क्लेफच वाचतो.

खरा पेच सोळाव्या शतकातला. तेव्हाचे रचनाकार क्लेफचे दोन संच वापरीत : एक नेहमीचा, एक उंच. पॅलेस्ट्रिनाची १५६७ साली छापलेली ‘मिसा पापे मार्चेल्ली’ उंच संचात आहे. ती लिहिली तशीच गायची, की सा जिथे लिहिला आहे तिथे खालचा पंचम धरून? १६१९ साली मिखाएल प्रेटोरियसने असे क्लेफ दिसताच सूर खाली घ्या, असे स्पष्ट सांगितले होते. तरीही १९८४ साली अँड्र्यू पॅरट यांनी माँटेव्हर्दीच्या १६१०च्या ‘व्हेस्पर्स’मधील उंच क्लेफांचे भाग खालच्या सुरात गावेत असे मांडले, तेव्हा मोठा वाद झाला. कारण उघड आहे : इतका फरक पडला की तेजस्वी, ताणलेला आवाज एकदम गंभीर होतो. एकच कृती दोन वेगळ्या रचनांसारखी ऐकू येते.

या घोळात आधुनिक संपादकांचाही हात आहे. वाचकांच्या सोयीसाठी त्यांनी सारे ट्रेबल आणि बेसमध्ये उतरवले आणि उंच संचाची खूणच पानावरून नाहीशी झाली. काळजीपूर्वक केलेल्या आवृत्तीत पहिल्या ओळीच्या आधी मूळ क्लेफ लहान आकारात छापलेला असतो. जुन्या संगीताचे पान हाती आले, तर नजर आधी तिथे टाका.