सियालदहहून संदकफूला, बोटीने आणि पायी

पाठीवरची सॅक आधी उतरवा. फोन, विंडचीटर, एनर्जी बार, सगळं मागे राहू द्या. आता तुमच्या अंगात जाड लोकरीचा कोट आहे, पायात खिळे ठोकलेले चामडी बूट आणि काखेत घोंगडीची वळकटी. बूट टाचेला चावतायत? चावू द्या, सवय होईल.

साल 1908. दुर्गापूजा नुकतीच झाली आहे, दुपार कलली आहे आणि तुम्ही कलकत्त्यात सियालदह स्टेशनाबाहेर उभे आहात. विजेची ट्राम घंटा बडवत अंगावर येते, म्हणून तुम्ही बाजूला उडी मारता आणि नेमका घोडागाडीच्या लिदीत पाय पडतो. लीद, दगडी कोळशाचा धूर आणि बैठकखाना बाजारातून येणारा हळद-मिरचीचा खकाणा एकदमच नाकात शिरतो. पुढे पूर्व बंगालातून आलेल्या तागाच्या गासड्या रचल्या आहेत. त्यांना ओलसर, कुबट वास आहे. त्यांना वळसा घालून आत गेलात की फलाट ओला लागतो. सांभाळा, हिल्सा माशांच्या टोपल्या उतरताहेत आणि त्यांतलं पाणी दगडावरून वाहतंय.

इथे विनंती करून कुणी वाट देत नाही, खांदा घालावा लागतो. हमाल ओरडतात, पोरं रडतात, एक आजी पितळी डबा पोटाशी धरून ट्रंकेवर बसली आहे आणि हलायला तयार नाही. पूजेच्या सुट्टीत दार्जिलिंगला निघालेली ही कुटुंबं. वर्षभर पेटीत पडलेले लोकरीचे कपडे आजच बाहेर निघालेत, त्यामुळे गाडीचा अख्खा डबा कापराने दरवळतो आहे. घाम तर कपाळावरून गळतोय आणि शेजारच्या गृहस्थांनी आत्तापासूनच मफलर गुंडाळला आहे!

आपल्याकडचे कितीतरी ट्रेकर नेपाळच्या सीमेवरचं संदकफू करून येतात. रात्री सियालदहला गाडीत झोपायचं, सकाळी न्यू जलपायगुडीला उतरायचं, जीपने मानेभंज्यांग गाठायचं आणि तिथून चालायला लागायचं. तो ट्रेक सुंदरच आहे. पण त्यात डोंगर एकदम समोर येतो. मला तो तुमच्या अंगात थोडा थोडा चढायला हवा आहे, एका वाहनातून दुसऱ्यात, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात जात. म्हणून तुम्हाला या फलाटावर आणलं.

गाडी सुटते. खिडकीतून डोकं बाहेर काढू नका. काढलंत आणि डोळ्यात कोळशाचा कण गेला. तो चोळू नका, पाण्याने धुवा. बाहेर तळी, केळी, पिकत आलेलं भात, पुन्हा तळी. राणाघाट मागे पडेपर्यंत अंधार झालेला असतो आणि कापराच्या जोडीला डब्यात लुची आणि बटाट्याच्या भाजीचा वास आलेला असतो. कुणीतरी तुमच्याही हातावर दोन लुच्या ठेवतं. घ्या, नाही म्हणू नका.

रात्री दामुकदिया घाट येतो आणि सगळे उतरतात. पद्मा नदीवर अजून पूल नाही, तो 1915 साली होईल. तोवर रुळ वाळूत संपतात आणि पुढे नुसतं काळं पाणी. नदी दरवर्षी काठ खाते, म्हणून इथला घाटही एका जागी टिकत नाही. मशालींच्या उजेडात बूट वाळूत रुततात, पुढे हमालाच्या डोक्यावरची तुमची वळकटी वर-खाली होताना दिसते. ती नजरेआड होऊ देऊ नका. मग एक लांब फळी. ती पावलागणिक लवते आणि खालून पाण्याचा गारवा पोटऱ्यांना लागतो.

वरच्या डेकवर साहेबलोक पांढऱ्या टेबलक्लॉथवर जेवतात. तुम्ही खालच्या डेकवर बॉयलरजवळ. पाठ भाजते, तोंडावर मात्र नदीचा वारा. खलाशी त्यांच्या चुलीवर मोहरीच्या तेलात मासा आणि हिरव्या मिरच्या शिजवताहेत. ठसका लागतो आणि भूकही. चाकांच्या वल्ह्यांचा धबधबा इतका मोठा की बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागतं. पलीकडे साराघाटला पुन्हा वाळू, पुन्हा पळापळ. इथून मीटर गेज. डबा अरुंद, बाक अरुंद, माणसं तेवढीच. झोप बसल्या बसल्याच येते, शेजाऱ्याच्या खांद्यावर.

सिलिगुडीला पहाट. सगळ्यात आधी जाणवते ती कोटाच्या बाहीतून शिरणारी थंडी. मफलरवाल्या गृहस्थांचं खरं होतं. उत्तरेकडे धुक्यात निळसर रेघ आहे. ढग समजलात ना? ते पायथ्याचे डोंगर आहेत, बर्फ अजून खूप लांब.

आता शेवटची गाडी, दोन फुटी रुळांची. तिच्या इंजिनाकडे जरा चला. समोरच्या टोकावर दोन माणसं बसली आहेत, पाय लोंबकळत, पुढ्यात वाळू. त्यांच्यातल्या डावीकडच्याच्या मुठीकडे बघा. सुकना इथलं सालवन संपून चढ लागला, दवाने रुळ ओला झाला, चाक जागच्या जागी गरगरायला लागलं, की तो वाकतो आणि करंगळीकडून मूठ जराशी सैल करतो. वाळूची बारीक धार बरोबर रुळाच्या माथ्यावर पडते. चाक करकरतं, धरतं, गाडी पुढे. तो वर बघतही नाही. दिवसभर त्याचं हेच काम, पाऊस असो वा गारठा, पाठीशी तापलेलं इंजिन आणि पायांखाली दरी. सिलिगुडी ते दार्जिलिंग 51 मैलांचा हा लोहमार्ग जग डोक्यावर घेतं, आणि घ्यावाच. माझ्या लेखी मात्र त्याचं अर्धं श्रेय या मुठीला जातं.

तिनधारियाच्या आसपास गाडी आपल्याच खालच्या रुळांवरून वळसा घेते. ॲगनी पॉइंटच्या वळणावर डब्यातल्या बायका देवाचं नाव घेतात. मध्येच गाडी थांबते आणि चक्क उलटी जाते, मग पुन्हा पुढे. अशी मागे-पुढे होत ती एक पायरी वर चढलेली असते. कुर्सियांगला हवेत चहाच्या पानांचा भाजका, गोडसर वास. तिथून पुढे धुकं खिडकीतून थेट मांडीवर येऊन बसतं. सकाळी चारशे फुटांवर होतात, आता घूम, 7,407 फूट. कापराचा वास केव्हा गेला ते कळलंही नाही. घोंगडी काढा. गाडी दार्जिलिंगला जाईल, तुम्ही इथेच उतरायचं.

घूमच्या बाजारात एक बाई तुमचं सामान बघते. नाव विचारू नका, दिदी म्हणा. ती तांदूळ, बटाटे, भांडी, घोंगडी डोकोत भरते. डोको म्हणजे खाली निमुळती बांबूची टोपली. ती भरताना जड सामान वर ठेवते, खाली नाही. तुम्ही उलट सांगायला जाता, ती हसून मान हलवते. मग जमिनीवर टेकते, नाम्लोचा पट्टा कपाळाच्या किंचित वर, केसांच्या रेषेपाशी बसवते, एक श्वास घेते आणि उठते. सगळा भार मानेतून कण्यात उतरलेला, दोन्ही हात मोकळे. त्या मोकळ्या हातांनी ती चालता चालता लोकर विणणार आहे.

सुखियापोखरीवरून मानेभंज्यांग. खिंडीतलं गाव, लाकडी घरं, छपरातून झिरपणारा धूर, दारात वाळत घातलेली मक्याची कणसं. मंत्र कोरलेल्या दगडांची भिंत उजव्या हाताला ठेवून पुढे जा, इथली तशी रीत आहे. गावातून वाट सरळ वर सुटते, टोंगलूकडे. पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही दिदीच्या पुढे. पुढच्या अर्ध्या तासात ती कुठे गेली ते दिसतही नाही, फक्त धुक्यातून आवाज येतो: "बिस्तारै, बाबु, बिस्तारै." सावकाश, सावकाश. कान गरम झालेत, हृदय घशात आलंय, मोज्यात काहीतरी ओलं आहे. बघा, जळू. ओढून काढू नका, मीठ लावा.

सह्याद्रीत माथा येतो आणि वारा लागतो. इथे माथा येतो आणि त्यामागे आणखी एक उभा असतो. वाट नेपाळच्या सीमेवरून जाते, डावा पाय नेपाळात, उजवा इकडे. निगाल्याच्या बांबूंची दाटी संपते, मग गुरास म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, मग काळपट सूचिपर्णी झाडं, त्यांच्यावर लोंबणारं शेवाळ. काळ्या पाण्याच्या कालपोखरीपाशी मेंढ्यांचा कळप भेटतो, प्रत्येकीच्या तोंडाला मुसकं. पुढच्या उतारांवर बचनाग माजलेला असतो. निळसर फुलं दिसतात सुंदर, पण मेंढीने तोंड घातलं की ती गेली. तुम्हीही तोडू नका.

शेवटचा चढ सगळ्यात उभा. संदकफू, जवळजवळ 12,000 फूट. डाकबंगल्यातल्या खोल्या साहेबांसाठी. तुम्ही मागच्या स्वयंपाकाच्या खोपीत, हमालांच्या घोळक्यात, आणि ते बरंच आहे, कारण ऊब इथे आहे. धुराने डोळे चुरचुरतात. हातात मक्याच्या पिठाचा गरम ढिंडो, वर गुंद्रुकचं, म्हणजे आंबवून वाळवलेल्या पाल्याचं, आंबट पाणी. मग लाकडी पात्रात आंबवलेली नाचणी येते, तिच्यावर उकळतं पाणी आणि बांबूची नळी. तोंगबा! सावकाश ओढा, पोटापर्यंत शेकत जाते. कपाळ ठणकतंय ते विरळ हवेने, नाचणीला दोष देऊ नका. रात्रभर वारा पत्रे वाजवतो. कुणीतरी खोकतं, कुणीतरी झोपेत हसतं.

अंधारातच दिदी पाय हलवून उठवते. बाहेर गवत काचेसारखं कडकडतंय, नाकातला ओलावा गोठतोय. आधी कांचनजंघेच्या टोकाला लाली येते, तिथून ती पश्चिमेकडे सरकत जाते. तिकडे मकालू खांदे रुंद करून उभा. तो जवळचा, म्हणून मोठा दिसतो. एव्हरेस्ट त्याच्या पलीकडे आहे, आणि तुम्ही आधी बोट दाखवता ते चुकीच्याच शिखराकडे. दिदी तुमचा हात धरून थोडा डावीकडे नेते.

बघताय? पण तिची टोपली भरून झाली आहे, कपाळावर पट्टा बसला आहे. नऊ वाजले की खालून ढग चढतील आणि फालुट अजून 13 मैल आहे, सगळं उघड्या धारेवरून. वाटेत पाणी जवळपास नाहीच. लोटा तुमच्या हातात देऊन ती खोपीमागच्या झऱ्याकडे हनुवटीने दाखवते. वरचा बर्फाचा पापुद्रा फोडून लोटा भरा आणि बूट घाला. ती निघालीसुद्धा.