बराक नंबर किती? : उल्हासनगरच्या छावणीची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आज फार लांब जायचं नाहीये. कल्याणहून कर्जतची लोकल पकडा. आधी विठ्ठलवाडी, मग उल्हासनगर. उतरा आणि रिक्षावाल्याला पत्ता सांगा. तो पहिल्यांदा विचारणार, "कॅम्प नंबर किती?" जुन्या वस्तीत जायचं असेल तर पत्त्यात आणखी एक आकडा असतो, बराकीचा नंबर.

आता हे जरा विचित्र नाही का? इथे ना परेड, ना बिगूल. दुकानं आहेत, जीन्सचे कारखाने आहेत, फर्निचरचा बाजार आहे. मग पत्त्यात बराक कुठून आली?

उत्तर दुसऱ्या महायुद्धात आहे. मुंबई हे मोठं बंदर. सैनिक बोटीने यायचे, बोटीने जायचे. आणि मुंबईहून निघालेली रेल्वे कल्याणला दोन दिशांना फुटते, एक फाटा कसारा-नाशिककडे, दुसरा कर्जत-पुण्याकडे. म्हणजे माणसं उतरवून, थांबवून, पुढे पाठवायला यापेक्षा सोयीची जागा कुठली? इंग्रज सरकारने कल्याणजवळ ट्रान्झिट कॅम्प उभारला. ट्रान्झिट कॅम्प म्हणजे काय, तर सैन्याची धर्मशाळा. आले, टेकले, हुकूम आला की निघाले. सुमारे 2,100 बराकी होत्या. बहुतेक बराकींचा साचा एकच, मधे लांबलचक हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. इथे कोणी संसार करेल हा विचारच नव्हता. युद्ध संपलं, सैनिक गेले आणि छावणी ओस पडली.

मग आलं 1947.

फाळणी म्हटलं की आपल्याला पंजाब आठवतो, बंगाल आठवतो. ते दोन प्रांत कापले गेले. सिंध मात्र अख्खाच्या अख्खा पाकिस्तानात गेला. म्हणजे सिंधी हिंदूंना 'आपल्या बाजूचा सिंध' असा उरलाच नाही. पंजाबी निर्वासिताला निदान पंजाबी बोलणारा मुलूख तरी होता. सिंध्याने कुठे जायचं?

बरेच जण मुंबईकडे आले, आणि त्याला कारण होतं. 1936 पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराची आणि मुंबईचं जुनं नातं, व्यापाराचं आणि कचेऱ्यांचंही. 6 जानेवारी 1948 ला कराचीत दंगल उसळली आणि 'थांबू, बघू' म्हणणाऱ्यांनीही सामान बांधलं. कराचीहून बोटी निघाल्या, मुंबईच्या बंदरात लागल्या. एवढी माणसं ठेवायची कुठे? सरकारला ती रिकामी छावणी आठवली. बघता बघता निर्वासितांचा आकडा लाखाच्या घरात गेला.

आता तो हॉल डोळ्यांसमोर आणा. सैनिकांच्या झोपण्यापुरता बांधलेला. त्यात एकेका कुटुंबाला एक तुकडा, आणि दोन संसारांमध्ये भिंत म्हणून गोणपाट नाहीतर जुनी साडी. पलीकडचं भांडण अलीकडे ऐकू येतं, अलीकडची फोडणी पलीकडे ठसका देते. नळावर रांग, संडासालाही रांग. कराचीत, हैदराबादेत (सिंधमधलं हैदराबाद, बरं का!) स्वतःचा वाडा असलेली माणसं होती यात.

पण ही मंडळी बसून राहिली नाहीत. बायकांनी पापड लाटले, लोणची घातली. पुरुष आणि पोरं लोकलच्या डब्यात गोळ्या-बिस्किटं विकायला लागली. पुढे दुकानं आली, कारखाने आले. 'मेड इन यूएसए', म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन', हा जोक तुम्ही ऐकला असेल. आपण हसतो. त्या जोकच्या मागे गोणपाटाचा पडदा आहे, तेवढं लक्षात असू द्या.

8 ऑगस्ट 1949 ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी इथे नव्या शहराची पायाभरणी केली. नाव ठेवलं उल्हासनगर. शेजारून उल्हास नदी वाहते, आणि उल्हास म्हणजे आनंद. सगळं गमावून आलेल्यांच्या गावाला हे नाव! 1954 मध्ये विस्थापितांच्या नुकसानभरपाईचा कायदा आला. तिकडे सोडलेल्या मालमत्तेच्या बदल्यात इकडे भरपाई मिळू लागली, आणि बराकीचा तुकडा मालकीचा करून घ्यायची वाट उघडली. गोणपाटाच्या जागी भिंत आली, भिंतीवर मजला चढला, मजल्यावर आणखी एक. परवानगी? ती बऱ्याच ठिकाणी राहूनच गेली. शेवटी 2006 मध्ये सरकारला फक्त या एका शहरातली अनधिकृत बांधकामं नियमित करायला वेगळा कायदा करावा लागला. आणि मे 2021 मध्ये इथे दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली. म्हणजे डोक्यावरचं छप्पर पक्कं आहे का, हा 1948 चा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

थांबा, गोष्टीला दुसरी बाजू आहे. त्याच महायुद्धात, इथून जवळच नेवाळीला, इंग्रजांनी विमानांच्या धावपट्टीसाठी शेतजमिनी घेतल्या. गावकऱ्यांचं म्हणणं, युद्धापुरत्या घेतल्या होत्या, आता आमच्या आम्हाला द्या. नौदल म्हणतं, जमीन संरक्षण खात्याची. जून 2017 मध्ये तिथे कुंपणाचं काम सुरू झालं आणि आंदोलन पेटलं. रस्ता अडवला, गाड्या जाळल्या. शेतं गेली तेव्हा ज्यांचे आजोबा-पणजोबा नांगर धरत होते, ती नातवंडं-पतवंडं रस्त्यावर होती.

दोन्हीकडे शब्द एकच, 'तात्पुरतं'. सैन्याची तात्पुरती बराक कोणाचं तरी कायमचं घर झाली, आणि कोणाचं तात्पुरतं घेतलेलं शेत कायमचं गेलं. युद्ध 1945 ला संपलं असं आपण पेपरात लिहितो आणि मार्क मिळवतो. पण कल्याणच्या आसपास त्याचा हिशेब अजून चालूच आहे.

तेव्हा पुढच्या वेळी उल्हासनगरला खरेदीला गेलात, तर बिलावरचा दुकानाचा पत्ता वाचा. बराक नंबर दिसला तर फोटो काढून आम्हाला पाठवा. आणि घरी कोणी आजी-आजोबा त्या छावणीत राहिलेले असतील, तर मोबाइलचा रेकॉर्डर चालू करून त्यांच्याजवळ बसा. आजच बसा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!