पाहण्याचा पगार

द्रोणागिरीच्या डोंगरावर चढताना पावसानंतरचं गवत तुमच्या कमरेला लागतं. पोर्तुगिजांच्या किल्ल्याचे पडके अवशेष मागे टाकून वर या आणि उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. पायथ्याशी ओएनजीसीचा प्रकल्प, त्याच्या पुढे उरण. उजव्या अंगाला न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन. त्यांच्या पलीकडे पाण्यात दोन टेकड्यांचं एक हिरवं बेट दिसतं, ते घारापुरी. जग ते बेट मुंबईच्या गेटवेवरून पाहायला येतं, पण कागदोपत्री ते रायगडच्या उरण तालुक्यातलं एक गाव आहे. ते तुमच्या तालुक्यात येतं, म्हणजे तुमचंच.

तुमच्या पिशवीत एक अर्ज आहे. एका संग्रहालयाने कलेच्या इतिहासासाठी संशोधनवृत्ती जाहीर केली आहे. वर्षभराचं विद्यावेतन, ग्रंथालय, कोठारातल्या मूर्ती जवळून पाहण्याची मुभा, आणि वर्षाअखेरीस एक लेखी काम. विषय तुम्ही घारापुरी लिहिला आहे. 'या अभ्यासाची गरज काय' हा रकाना मात्र कोराच आहे. तो भरायचा असेल तर आधी थोडं मागे जाऊन यावं लागेल.

डोळे मिटा. उघडाल तेव्हा सोळाव्या शतकाचा मध्य आलेला असेल. क्रेन नाहीत, प्रकल्प नाही, खाजण आणि मिठागरं आहेत. वसईचा मुलूख 1534 मध्ये पोर्तुगिजांच्या हाती गेला आहे. तुम्ही घारापुरीच्या थोरल्या लेण्यासमोर उभे आहात आणि दारावरचा एक कोरीव दगड काढला जातो आहे. त्यावर अक्षरं आहेत. ती वाचता येणारा माणूस इथे कुणाला सापडलेला नाही, म्हणून दगड राजा तिसऱ्या जोआंवकडे पोर्तुगालला पाठवायचा आहे. दियोगो दो कोतो या पोर्तुगीज इतिहासकाराने ही हकिगत पुढे लिहून ठेवली. तिकडेही तो लेख कुणाला वाचता आला नाही, आणि मग तो दगडच हरवला.

तुम्हाला ओरडावंसं वाटतं, की अहो, निदान कागदावर उतरवून घ्या! कळलं नाही तरी चालेल, अक्षराचं वळण तेवढं काढून ठेवा! पण ते काम कुणाकडेही सोपवलेलं नाही. नेणाऱ्यांना हुकूम आहे, पाहणाऱ्याला कुणी पगार देत नाही. हे लेणं कुणी खोदवलं हे आज आपण ठामपणे सांगू शकत नाही, त्याचं एक मोठं कारण हा दगड आहे. पुढच्या अभ्यासकांना बेटावर सापडलेली कलचुरी कृष्णराजाची लहान नाणी आणि मूर्तींची घडण यांवरूनच सहाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पोचावं लागलं.

आता दोनशे वर्षं पुढे या. साल 1764. पुण्यात थोरले माधवराव पेशवे आहेत. उरण मराठ्यांकडे आहे, घारापुरीही. तुम्ही मुंबईहून होडीने निघून बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला उतरता. समोर काळ्या दगडाचा अख्खा हत्ती उभा आहे. याच्यावरूनच पोर्तुगिजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. तुमच्या सोबत उतरलेला माणूस एकतीस वर्षांचा आहे, उत्तर जर्मनीतल्या शेतकऱ्याचा मुलगा, नाव कार्स्टन नीबूर.

या माणसाला नीट पाहून घ्या. डेन्मार्कचा राजा पाचवा फ्रेडरिक याने अरबस्तानचा अभ्यास करायला सहा जणांची तुकडी पाठवली, ती जानेवारी 1761 मध्ये कोपनहेगनहून निघाली. भाषांचा जाणकार फॉन हाव्हेन, वनस्पतिशास्त्रज्ञ फोर्स्कॉल, डॉक्टर क्रामर, चित्रकार बाउरनफाइंट, एक नोकर आणि मोजणीसाठी नीबूर. खर्च राजाचा, आणि युरोपातल्या विद्वानांनी काढलेल्या प्रश्नांची यादी बरोबर. आजच्या भाषेत ही सरकारी संशोधनवृत्तीच. तापाने ती तुकडी संपवली. 1763 साली येमेनमध्ये दोघे गेले. मुंबईकडे येताना चित्रकार आणि नोकर समुद्रावर गेले. क्रामर फेब्रुवारी 1764 मध्ये मुंबईत वारला. तुमच्या शेजारी उभा आहे तो एकटाच उरला आहे.

त्याने सरळ घरी जावं. पण तो घारापुरीला येतो, आणि एकदाच नाही, तीनदा येतो.

टेकडी चढून तुम्ही उत्तरेच्या तोंडातून आत शिरता. बाहेरच्या उन्हातून आल्यावर आधी काहीच दिसत नाही. वटवाघळांचा उग्र वास, पायाखाली ओल. मग खांब हळूहळू पुढे येतात, गुबगुबीत उशीसारख्या गोल माथ्यांचे, रांगेमागे रांग. लेणं पुढून मागे सुमारे 130 फूट. उजेड उत्तरेकडून येतो तसा पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या चौकांतूनही येतो, त्यामुळे एकाच मूर्तीचा एक गाल सकाळी उजळतो आणि दुसरा तिसऱ्या प्रहरी. समोर दक्षिणेच्या भिंतीत सुमारे अठरा फूट उंचीचा सदाशिव. मधला चेहरा शांत. तुमच्या डाव्या हाताचा चेहरा मिशीचा, उग्र. उजव्या हाताचा कोवळा, बाईपणाकडे झुकणारा. सदाशिवाच्या शेजारी, तुमच्या डाव्या हाताला अर्धनारीश्वर, उजव्या हाताला गंगाधर.

नीबूर मोजायला लागतो. चित्रकार मेला आहे, म्हणून चित्रंही हाच काढतो. याचं शिक्षण गणिताचं आणि नकाशांचं. तुम्ही त्याच्या कागदावर वाकून बघा. शरीराची लय त्याला सापडत नाही, पण हात किती, कोणत्या हातात काय, कुठला भाग तुटला आहे, हे तो सोडत नाही. या देवतांची नावं त्याला ठाऊक नाहीत, आणि नाव ठाऊक नसलेल्या गोष्टीला घाईने नाव देऊन तो मोकळाही होत नाही. माझ्या लेखी हा फार मोठा गुण आहे. त्याच्या आधीही इथे शहाणे लोक येऊन गेले होते; 1538च्या सुमारास आलेल्या दों जुआंव द कास्त्रोने लेण्याचं वर्णनही केलं. पण नकाशा, मापं आणि एकेक मूर्तीचं चित्र अशा तयारीने युरोपच्या वाचकांपुढे घारापुरी मांडली ती नीबूरने, प्रवासवर्णनाच्या 1778 मध्ये छापलेल्या दुसऱ्या खंडात.

त्याच्या मागे अजून थोडं जा. डिसेंबर 1764 मध्ये तो मुंबई सोडतो आणि पुढच्या वर्षी इराणात पर्सेपोलिसला पोचतो. तिथल्या दगडांवर बाणासारख्या टोकांची लिपी आहे, जगात एकालाही न वाचता येणारी. तो बसून ती अक्षर न् अक्षर उतरवून घेतो. त्याच नकला हाताशी धरून 1802 मध्ये ग्रोटेफेंड नावाचा जर्मन शाळामास्तर त्या लिपीची पहिली उकल करतो. आता घारापुरीच्या दारावरचा तो दगड आठवा. दोन्हीकडे वाचता न येणारीच अक्षरं होती. एका ठिकाणी दगड उचलून नेला, दुसऱ्या ठिकाणी पोटापाण्याची सोय लावून पाठवलेला एक माणूस बसून राहिला.

हे राजालाच परवडतं असं म्हणू नका. तुम्हाला 1860 नंतरच्या मुंबईत जायचं आहे, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे. गोव्यातल्या मांजऱ्याला जन्मलेला हा डॉक्टर दिवसभर रोगी तपासतो आणि उरलेल्या वेळात शिलालेख वाचतो. रोग्यांना सोडून गावोगाव फिरणं त्याला जमत नाही. म्हणून 1861 मध्ये तो जुनागढचा एक तरुण आपल्याकडे ठेवून घेतो: भगवानलाल इंद्रजी. या मुलाने ब्राह्मी लिपी उलगडणाऱ्या प्रिन्सेपचा अक्षरांचा तक्ता मिळवून गिरनारच्या लेख कोरलेल्या खडकासमोर उभं राहून लिपी शिकलेली आहे. भाऊ दाजी खर्च करतात, भगवानलाल हिंडतात, लेखांच्या नकला आणतात. हे 1874 मध्ये भाऊ दाजी जाईपर्यंत चाललं. एका खाजगी माणसाने आपल्या कमाईतून दिलेली ही संशोधनवृत्ती, आणि तिच्यातून उभा राहिलेला माणूस 1882 मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरतो, नाणेघाट नि हाथीगुंफेच्या लेखांवर लिहितो, आणि लायडेनच्या विद्यापीठाकडून सन्मानाची डॉक्टरेट मिळवतो. आपल्याकडे जमशेदजी टाटांपर्यंतच्या दानशूरांची नावं पोरांना पाठ असतात; भाऊ दाजींची ही बाजू शाळेत कुणी सांगत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

परत येताना वाटेत हत्ती बघून घ्या. 1814 मध्ये त्याची मान आणि डोकं गळून पडलं. 1864 मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला, उचलताना तो आणखी फुटला, आणि तुकडे मुंबईत राणीच्या बागेत आले. 1914 मध्ये कॅडेल आणि ह्यूएट या दोघांनी ते जुळवून त्याला पुन्हा उभं केलं. आज तो भायखळ्याला आहे, आणि ज्या संग्रहालयाच्या आवारात तो आहे त्याला नाव भाऊ दाजी लाडांचंच आहे.

आता तुम्ही आजच्या दिवसात, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. घारापुरीहून आलेला ब्रह्मदेव तुमच्यासमोर आहे. तो बेटावर असताना त्याच्यावर कोणता उजेड पडत होता, हे त्याच्या शेजारची पाटी सांगू शकत नाही. ते सांगण्यासाठी कुणीतरी दोन्ही ठिकाणी राहावं लागेल, इथे कोठारात आणि तिकडे लेण्यात, उन्हाळ्यात आणि धो धो पावसातही. पर्यटक तीन तास थांबतो. त्याला रात्री बेटावर राहता येत नाही, आणि सोमवारी लेणी बंद असतात. परदेशातले अभ्यासक येतात, चांगली पुस्तकं लिहितात, त्यांचे आपण ऋणी आहोत. पण राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर या वाड्यांतल्या, किंवा उरणजवळच्या मोऱ्याच्या आणि चाणज्याच्या मुलीला हे लेणं बारा महिने परवडू शकतं, कारण तिचं घरच इथे आहे. तिला भरती-ओहोटी कळते. बेटावर वीज 2018 मध्ये समुद्राखालच्या केबलने आली; त्याआधी रात्री कशा असायच्या हे तिला कुणी सांगावं लागत नाही. चाणज्याला शिलाहारांचे शिलालेख सापडले आहेत, म्हणजे कोरलेलं अक्षरही तिला परकं नाही. तिला कमी आहे ते संस्कृत, लिपी, नि कुणीतरी वर्षभर डोक्यावरून काढलेली पोटाची काळजी.

म्हणून संग्रहालयांना माझं उघड मागणं आहे. संशोधनवृत्तीच्या जागांपैकी एक तरी उरण-पनवेलच्या बाजूच्या मुलांसाठी ठेवा. निवड करताना इंग्रजी निबंध मागू नका; लेण्यातला एक खांब देऊन दिवसभर बसवा आणि संध्याकाळी कागद बघा.

तुम्ही तुमचा अर्ज काढा. गरजेच्या रकान्यात लिहा की या लेण्याचा लेख हरवला आहे, म्हणून दगडावर उरलेली प्रत्येक छिन्नीची खूण आता लेखाच्या जागी वाचावी लागणार आहे आणि त्याला निदान एक अख्खं वर्ष लागेल. खर्चाच्या रकान्यात मापाची फीत, चित्राचा जाड कागद, ठशांचं सामान, आणि मोऱ्याहून बेटावर जायच्या होडीचं भाडं बारा महिन्यांचं लावा, पावसाळा धरून.