ताईमहाराज प्रकरण : एक मृत्युपत्र आणि अठरा वर्षांची लढाई

(१) दूरचित्रवाणीवरील मालिकांत श्रीमंत घराण्याचा कर्ता जातो, मृत्युपत्र वाचले जाते आणि वाड्यात दोन तट पडतात. पुण्यात असे खरोखर घडले होते. त्यात गोवलेल्या एका विश्वस्ताचे नाव होते बाळ गंगाधर टिळक.

(२) ७ ऑगस्ट १८९७. पुण्याचे सरदार वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबामहाराज पटकीने मृत्युशय्येवर होते. त्यांचे स्नेही टिळक तेव्हा राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते. बाबामहाराजांनी मृत्युपत्र केले आणि टिळक, दादासाहेब खापर्डे आदींना विश्वस्त नेमले. त्याच दिवशी ते वारले.

(३) पत्नी ताईमहाराज गरोदर होत्या. मुलगा न झाल्यास, किंवा होऊन दगावल्यास, विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, अशी तरतूद होती. मुलगा झाला, पण काही आठवड्यांतच गेला.

(४) येथे त्या काळचा हिंदू कायदा ध्यानात घ्यावा. निपुत्रिक विधवेला पतीच्या मिळकतीचा उपभोग हयातीपुरता मिळे. दत्तक घेताच मालकी त्या मुलाकडे जाई आणि तिच्या वाट्याला पोटगी उरे. म्हणून मांडीवर कोण बसतो, हा केवळ धर्मविधीचा प्रश्न नव्हता.

(५) जून १९०१ मध्ये औरंगाबादेस जगन्नाथ या बालकाचे दत्तविधान झाले, असे विश्वस्तांचे म्हणणे. पुण्यास परतल्यावर ताईमहाराजांनी ते नाकारले आणि ऑगस्टमध्ये कोल्हापूर शाखेतील बाळामहाराजांना दत्तक घेतले. एका गादीला दोन वारस झाले.

(६) वाद न्यायालयात गेला. १९०२ मध्ये जिल्हा न्यायाधीश अ‍ॅस्टन यांनी मृत्युपत्राचे प्रोबेट रद्द केले आणि टिळकांवर फौजदारी कारवाईची वाट मोकळी केली. मिळकतीचा तंटा आता टिळकांच्या सचोटीचा खटला झाला.

(७) ऑगस्ट १९०३ मध्ये खोट्या साक्षीबद्दल त्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. अपिलात ती सहा महिन्यांवर आली. ४ मार्च १९०४ रोजी उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले.

(८) दिवाणी दावा मात्र चालूच राहिला. १९०६ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने जगन्नाथाचे दत्तक ग्राह्य धरले. १९१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते फेटाळले. मधल्या काळात टिळक मंडालेच्या तुरुंगात होते.

(९) अखेर २६ मार्च १९१५ रोजी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथाच्या बाजूने निकाल दिला. साक्षीदाराला खोटे ठरवायचे, तर त्याच्याविरुद्धचा कागद उलटतपासणीत त्याच्यासमोर ठेवून खुलाशाची संधी द्यावी लागते, हे त्यातील तत्त्व. पुराव्याच्या कायद्यात या निकालाचा दाखला आजही दिला जातो.

(१०) निकाल ऐकायला ताईमहाराज हयात नव्हत्या. टिळकांच्या चरित्रांत हे प्रकरण त्यांच्या मनस्तापाची आणि अंतिम विजयाची कथा म्हणून येते, आणि ते यथार्थही आहे. परंतु त्याच दप्तरात एक तरुण विधवाही आहे. तिच्या वतीने वकील बोलतात, विश्वस्त बोलतात, न्यायाधीश बोलतात. तिला स्वतःला काय हवे होते, हे जबान्यांच्या फटींतूनच शोधावे लागते.

(११) मालिका वारस ठरताच संपते. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यानंतर दप्तर पुन्हा उघडावे आणि विचारावे : ज्या घरासाठी एवढे झाले, त्या घरात हिचा हक्क किती होता?